रुखमाबाईच्या स्वयंपाकघरात बूट

साहेब, तो चालायला शिकायचा गाडा तुम्ही फोटोसाठी दिला. पोरीसाठी दिला असता तर तिला त्यात एकदा उभं करून पाहिलं असतं. तालुक्याच्या मांडवात तुमच्या गळ्यात हार होता, गाड्याला रिबीन होती, आणि पोरगी आजोबाच्या, तुळशीरामच्या, कडेवर होती. तो फोटो बाहेर काढून बघा. गाडा एकीकडे, पोरगी दुसरीकडे, मधात तुम्ही. "कसा वापराचा जी हा?" असं तुळशीरामनं विचारलं, तेव्हा तुमच्या माणसानं पुढचं नाव पुकारलं. जाता जाता एवढं मात्र सांगितलं की जमला नाही तर परत आणून द्या, मागणारे पुष्कळ आहेत.

तर असा तो गाडा आमच्या गावात, सोनाळ्यात आला, टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटांवर उताणा पडून.

छकुली तुळशीराम आणि रुखमाबाईची नात. वय नऊ. जन्मली तेव्हा उशिरा रडली, त्याची भरपाई म्हणून पाय ताठ राहिले. उभं केलं की कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढायचे. अकलेला मात्र कुठं खोट नव्हती. बोलायची हळू, पण जिथं लागायला पाहिजे तिथंच लागायचं. तिचा दिवस ओसरीतल्या बाजेवर जायचा. समोरचा रस्ता तिचाच. कोणाची बकरी कोणाच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, शिरली हे गावात सगळ्यात आधी तिला कळायचं आणि ती ओरडून सांगायची.

एक जागा तेवढी तिला दिसत नव्हती, ती म्हणजे मागचं स्वयंपाकघर. तिथून फोडणीचा वास यायचा, आजीचं आणि आईचं हसणं यायचं. "काय झालं व? मले सांगा ना!" असं ती बाजेवरून विचारायची. कोणी हात पुसत येऊन सांगेपर्यंत गंमत शिळी झालेली असायची. कधी उचलून नेलीच, तर भिंतीला टेकवून ठेवायचे, आणि गर्दी झाली की पहिलं तिलाच उचलून बाहेर.

गाडा पाहिल्याबरोबर ती म्हणाली, "आबा, मी याच्यातून आजीच्या चुलीपाशी जाईन. कोनाले न इचारता."

"ये माय," रुखमाबाई म्हणाली, "पन चाकं धुऊन ये."

ही थट्टा नव्हती. त्या स्वयंपाकघराला उंबरठा नव्हता. रुखमाबाई हाच उंबरठा. चपला तर सोडाच, रानातून आलेल्या पायावर पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल पडत नसे. चुलीशेजारी गॅस आला, कोपऱ्यात मिक्सर आला, कायदा तोच राहिला. तिचा सख्खा भाऊ जानराव एकदा बुटासकट दारातून डोकावला, तर त्याचा चहा तिनं ओसरीवर पाठवला, आणि पुढच्या दिवाळीत ओवाळतानासुद्धा त्याला बुटांची आठवण दिली.

आता गाड्याचं ऐका. चौकट लोखंडी, खाली चार चाकं. मधात दोन पायांमधून जाणारं कापडी आसन, त्याला तुळशीराम पहिल्याच दिवशी खोगीर म्हणायला लागला. छातीभोवती गादीचा पट्टा, कोपरं टेकायला दोन खोबण्या. आणखी दोन छोटे पट्टे खाली लोंबत होते. ते कशाचे हे कोणालाच कळेना, म्हणून त्यानं ते सोडून विळ्याशेजारी खुंटीला टांगून ठेवले.

गाडा तुमच्या लोकांनी कोणत्या तरी दांडग्या माणसाच्या मापाला कसून पाठवला होता. छातीचा पट्टा छकुलीच्या नाकासमोर आला. "हे काय बे, मुसकं हाय का?" तुळशीराम म्हणाला. त्यानं मोटारपंपाचा पाना आणला आणि पट्टा खाली घेतला. खोगीर मात्र उंचच ठेवलं. "पोरीच्या पायावर भार नाई पडू द्याचा. नाजूक पाय हायेत."

मग मायेला पूर आला. खोगीर रुततं म्हणून रुखमाबाईनं जुन्या लुगड्याची गादी शिवली. छकुलीची आई संजीवनी, तिनं त्यावर आपली ओढणी गुंडाळली. जोखडाखाली बैलाचा खांदा सोलू नये म्हणून चिंध्या बांधतात, तसं तुळशीरामनं सगळ्या कडांना बांधून काढलं. शेजारणीनं पोराची दुपटी दिली. सगळं झाल्यावर छकुलीला आत बसवलं, तर ती दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसायला लागली. अंगठे तेवढे फरशीला पुसटसे लागत होते.

"कसं वाट्टे व?" रुखमाबाईनं विचारलं.

"झोक्यावानी," छकुली म्हणाली. मग जरा विचार करून, "पन झोका कुठी जाते का व आजी? तठीच राह्यते."

ढकललं की गाडा जायचा. सोडला की थांबायचा. पोरीचे पाय हवेत कात्रीसारखे अडकायचे. रोज बसवायचे, रोज तेच. शेवटी तुळशीराम चिडला. पोरीवर चिडता येत नव्हतं, म्हणून लोखंडावर.

"बाजाराच्या दिवशी टेम्पो तालुक्याले जाते. त्याच्यात टाकतो हे परत. दुसऱ्याच्या लेकराच्या तरी कामी पडन."

छकुली रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवशी एक बकरी दिवसाढवळ्या पराटीत शिरली आणि गावाला ते उशिरा कळलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी रुखमाबाई गाडा धुवायला बसली. दुसऱ्याची वस्तू परत जायची तर घासून-पुसून गेली पाहिजे, मळकी गेली तर घराचं नाव जातं. तिनं गाद्या, ओढणी, दुपटी, चिंध्या सगळं सोडलं, साबणात घातलं. खोगीर वरखाली करायच्या फिरक्यांत मळ बसलेला, तो काढायला त्याही सैल केल्या. अंगणात दोरीवर सगळी माया वाळत होती आणि ओसरीत गाडा नागडा उभा होता.

"आई," छकुली बाजेवरून म्हणाली, "एकडाव बसव ना. जाऊनच राह्यला तो."

संजीवनीला नाही म्हणवेना. तिनं पोरीला उचलून खोगिरात घातलं, छातीचा पट्टा लावला. फिरक्या सैल आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती रुखमाबाई बादली ओतायला गेली होती. पोरीचं वजन पडलं तसं खोगीर खाडकन खाली आलं.

"अगं माय!" संजीवनी ओरडली. रुखमाबाईच्या हातातली बादली पडली. तुळशीराम चहाचा कप तसाच टाकून धावला.

छकुली पडली नव्हती. तिच्या टाचा फरशीवर टेकल्या होत्या. गुडघे थरथरत होते, पट्ट्यानं छाती धरली होती, आणि खोगीर तिच्या खाली नुसतं वाट बघत होतं. संजीवनी उचलायला वाकली.

"हात नोको लावू!"

एवढं स्वच्छ ती कधी बोलली नव्हती. संजीवनीनं हात मागं घेतले.

"मायं वजन हाय," छकुली म्हणाली, दम खात. "माया पायावर हाय. राहू दे."

रुखमाबाई ओल्या लुगड्यानिशी तशीच मटकन खाली बसली आणि नातीच्या टाचांकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "आयकलं का? आपनच पोरीले अधांतरी टांगलं होतं. लाड करू करू."

"गाद्या कोन शिवल्या?" तुळशीराम म्हणाला.

"आन उंच कोन ठेवलं? नाजूक पाय, नाजूक पाय! पाना आना आता, तोंड काय पाह्यता."

मग त्या घरात खरी जोडणी सुरू झाली आणि मुकादम झाली छकुली. "अजून खाली. हा. आता जास्त झालं आबा, गुडघे वाकून राह्यले. जरासं वर." खोगीर असं बसलं की उभी असताना ते तिला लागू नये, पण गुडघ्यांनी दगा दिलाच तर झेलून घ्यावं. छातीचा पट्टा काखेखाली आला, आत दोन बोटं जातील एवढा सैल. कोपरांच्या खोबण्या वर घेतल्या तसे तिचे आवळलेले खांदे सुटले.

पहिलं पाऊल टाकायला गेली आणि उजवा पाय डाव्यावर चढला. पुन्हा टाकलं, पुन्हा चढला. तुळशीराम कपाळावर हात मारून उठला आणि त्याची नजर खुंटीकडे गेली. विळ्याशेजारी ते दोन अनाथ पट्टे.

"अबे, हे घोट्याचे होत!"

ते बाजूच्या दांड्यांना अडकवून दोन घोट्यांना बांधले, तसे पाय आपापल्या वाटेला राहिले. मग गाडा मागेच जायला लागला. पोरगी पाय रोवायची आणि गाडा उलटा घसरायचा. संजीवनीनं चाकांपाशी डोकं घालून एक खटका शोधला. तो दाबला की चाक पुढं जायचं, मागं नाही. "आमच्या खानदानालेच लावाले पायजे हा खटका," ती पुटपुटली. सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तरी पाय घसरत होता. फरशी गुळगुळीत आणि तळवे तान्ह्या लेकरासारखे मऊ. कधी जमीन न पाहिलेले. "चप्पल घाला ना तिले," तुळशीराम म्हणाला, आणि दाराशी पडलेल्या चपलांत तिच्या मापाची शोधायला लागला. कपडे होते, बांगड्या होत्या, पैंजणसुद्धा होते. पण नऊ वर्षांत या घरात छकुलीसाठी कोणी पायताण घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो तालुक्याला गेला, त्यात गाडा नव्हता. तुळशीराम होता, आणि त्याच्या खिशात छकुलीच्या पायाच्या मापाची सुतळी.

"काका, पोरीलेच आना ना. घालून पाहू," दुकानदार म्हणाला.

"तिले चालत आनाचं तर बूट लागतीन ना बाप्पा. आधी बूट दे, मंग आनतो."

लाल बूट आले, चिकटपट्टीचे. घोट्याला पट्टे, पायात बूट, छातीला आधार. छकुली ओसरीतून निघाली. पाऊल टाकायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा टाकायची. मागं तुळशीराम, हात पसरून, न शिवता, कोंबडी धरणाऱ्यासारखा. मधली खोली गेली. धान्याच्या कोठ्या गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात येऊन गाडा थांबला.

आत संजीवनी होती, आणि रुखमाबाई भाकरी थापत होती. पाठ दाराकडे.

"आजी," छकुली म्हणाली, "माया पायात बूट हायेत."

थापणं थांबलं. संजीवनीनं पदर तोंडाला लावला. बूट काढले तर पोरगी इथूनच घसरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि कायदा काय आहे, तेही. छकुलीलाही माहीत होतं. जन्मभर बाजेवर पडून तिनं तोच तर ऐकला होता.

रुखमाबाई उठली. हाताचं पीठ झटकलं, ओलं फडकं घेतलं, दारात खाली बसली. चारही चाकं पुसली. मग डावा बूट पुसला, उजवा बूट पुसला, वरून, बाजूनं, जसे देव पुसतात तसे. वर पाहिलं.

"ये. या घरात बूट घालून आत याचा मान तुया एकटीचा."

गाडा आत गेला. मागोमाग तुळशीराम, डोळे भरलेले, चपलांसकट.

"तुमी कुठी? काढा त्या!"

तो मुकाट्यानं मागं फिरला. आजी पुन्हा परातीशी बसली. छकुली तिच्या डोक्याशी उभी राहून बघत होती, पहिल्यांदाच वरून खाली.

"आजी, भाकर थापताना तुई जीभ बाहेर येते व!"

संजीवनी खिदळली, रुखमाबाईनं जीभ आत घेतली आणि मग तीही हसायला लागली. या खेपेला छकुलीला गंमत सांगायला कोणाला जावं लागलं नाही.

आता ऐका साहेब. हे सगळं झालं ते सैल राहिलेल्या एका फिरकीमुळं, तुमच्यामुळं नाही. फिरकी घट्ट राहिली असती तर गाडा परत आला असता, आणि तुमच्या कागदावर पोरगी नापास झाली असती. ती वाढते आहे. लाल बुटांत अंगठा टोकाला लागतो. छातीचा पट्टा आवळायला लागला आहे, आणि आता खोगीर किती वर घ्यायचं, पाय वाकडे तर पडत नाहीत, हे घरात कोणाला कळत नाही. गाड्यावर चिकटवलेल्या नंबरवर तुळशीराम फोन लावतो. वाजतो. कोणी उचलत नाही.

माप घ्यायला कोण येणार आणि कधी येणार? छकुली दारात उभी राहून विचारते आहे. तुम्हीही जरा उभे राहा, आणि उत्तर द्या.