शेख हमजावीचा लोखंडी खांब

दुपारची नमाज आटोपली आणि इजिप्तमधल्या कफ्र नखला गावच्या मैदानात मुंगीलाही शिरायला जागा उरली नाही. एक तर उरुसाचा दिवस, त्यात शेख हमजावीचा चमत्कार. भोपळ्याच्या बिया सोलत, पोरं मांडीवर घेऊन सगळी माणसं मंचाकडे डोळे लावून बसली होती.

मंचाच्या मधोमध खांब उभा होता. दीड पुरुष उंच, चारी बाजूंनी तिरप्या गजांची जाळी, वरपासून खालपर्यंत गंजलेला.

"अवलियाच्या कबरीवरचं हे लोखंड आहे," शेख घसा ताणून सांगत होता. "पापी माणसाच्या हातानं ते हलत नाही. कोण येतंय, या!"

वीटभट्टीवरचे चार दांडगे गडी चढले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण खांब तसूभर हलला नाही. मग शेखचा चेला झगलूल गुडघ्यांवर बसला आणि खांबाच्या तळाशी एकेका कोपऱ्याचं भक्तिभावानं चुंबन घेत सगळीकडून फिरला. शेखनं डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि एका हातानं खांब उचलून थेट डोक्यावर धरला. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा कल्लोळ केला की कबुतरं उडाली.

"जसा हा भार उचलला तसा तुमचा आजार उचलीन!" शेख गरजला. "सुया फेका, गोळ्या फेका!"

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या इन्साफबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत, पण आज त्या शिक्षिका म्हणून आल्याच नव्हत्या. पहिल्या रांगेत खुर्चीवर पाय लांब करून त्यांचा धाकटा भाऊ बय्यूमी बसला होता. त्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्याखालची जखम काळी पडत चालली होती.

बय्यूमी गावचा मांडववाला. लग्न असो की मयत, रंगीत कापडाचा मांडव त्यानंच घालायचा. लाकडी वासे आणि लोखंडी नळ वाहून त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता. काही आठवड्यांपूर्वी शेखनं गावात पहिल्यांदा खांब उचलला तेव्हा चहाच्या दुकानात त्यानंच छाती ठोकून सांगितलं होतं, "लोखंड किती जड असतं ते मला कुणी शिकवू नये. असला खांब उभा करायला मला सहा माणसं लागतात." मांडववाल्यानंच ग्वाही दिल्यावर शंका घेणार कोण? आणि त्या शहाण्यानं स्वतःचं इन्सुलिन नेऊन कालव्यात फेकलं.

"डॉक्टर म्हणतायत, साखर अशीच राहिली तर पाय कापावा लागेल," सकाळीच इन्साफबाईंनी त्याला सुनावलं होतं. "तुला कळतंय का काही?"

"ताई, तू पुस्तकं वाचलीस. मी लोखंड वाहिलंय," तो म्हणाला होता. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"डोळ्यांनी बघितलंस. हात लावलास का?"

"अवलियाच्या खांबाला मी पापी हात लावू?"

हे ऐकताना सकाळीच त्यांना आठवलं होतं. कैरोच्या विज्ञान प्रदर्शनात कॉलेजच्या दोन पोरी या खांबासारखीच जाळीदार तुळई गप्पा मारत घेऊन चालल्या होत्या. दिवे टांगायची, फलक लावायची ती तुळई. पोकळ अॅल्युमिनियमची, तुकड्याला तुकडा पिनांनी जोडून हवी तेवढी लांब करायची. तिला ट्रस म्हणतात. फक्त तिच्यावर गंजाचा रंग फासलेला नव्हता.

आता मंचावर शेखनं खांब पुन्हा जागेवर ठेवला, झगलूलनं पुन्हा कोपऱ्यांची चुंबनं घेतली. इन्साफबाई तडक मंचावर चढल्या आणि पिशवीतून शाळेतलं लोहचुंबक काढून त्यांनी खांबाला लावलं. ते चिकटलं नाही, खाली पडलं.

"हे लोखंड नाही," त्या म्हणाल्या. "हलका धातू आहे."

"पवित्र लोखंड सैतानाच्या खेळण्याला चिकटत नसतं!" शेख म्हणाला, आणि लोक चक्क हसले.

"ताई, खाली ये," बय्यूमी खालून ओरडला. "माझी अब्रू घालवू नकोस."

"तुझा पाय चाललाय आणि तू अब्रू धरून बसलायस होय रे?" इन्साफबाई कडाडल्या. त्यांनी वाकून खांबाच्या तळाचा गालिचा ओढला. खाली मंचाला बोल्टांनी जखडलेला जाड लोखंडी पाट होता आणि खांबाचे चारी पाय त्याला पिनांनी अडकवलेले होते. झगलूल पुढे धावला, पण तोवर त्यांनी पिना उपसून काढल्या होत्या.

"हा कोपऱ्यांची चुंबनं घेत नव्हता. पिना काढत-घालत होता. बय्यूमी, वर ये. आता तू उचल."

भाऊ लंगडत चढला. आजारानं खंगलेल्या त्या माणसानं एका हातानं खांब उचलला आणि तो पिसासारखा वर आला. मागची माणसं बघायला टाचा उंचावू लागली.

शेख मात्र बिलंदर. "बघा, बघा! कृपा याच्याही अंगात उतरली!"

लोक पुन्हा हात जोडू लागले. बय्यूमी खांब धरून तसाच उभा राहिला. एवढंच कबूल करायचं होतं, की कृपा झाली. गाव त्यालाही संत म्हणायला तयार होतं, आणि आपण मूर्ख बनलो हे सांगायची पाळी टळत होती. इन्साफबाईंना वाटलं, गेला हा.

त्यानं बोटाची गाठ खांबावर वाजवली. पोकळ आवाज आला. मग त्यानं खांब पाटावर ठेवला, बहिणीच्या हातातल्या पिना घेतल्या आणि एकेक करून ठोकून बसवल्या.

"उचला, शेखसाहेब," तो म्हणाला. "आता पिना कुणी काढायच्या नाहीत. कृपा तर तुमच्याकडे आहेच."

शेख म्हणाला, शंका घेणाऱ्यांसमोर अवलिया येत नाहीत. वीटभट्टीचे गडी उठून उभे राहिले, तेव्हा तो म्हणाला, पोटात दुखतंय. मंचामागे तीनचाकी टुकटुक रिक्षा उभीच होती. तीत बसून तो आणि झगलूल गावाच्या हातावर तुरी देऊन पसार झाले.

"मी खोटी ग्वाही दिली," बय्यूमी गावाकडे तोंड करून म्हणाला. "जाळी बघितली आणि लोखंड समजलो. हात लावला नव्हता. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून औषध सोडलं, ते आजच दवाखान्यात चला. मी पुढे होतो." मग दुखऱ्या पायामुळे त्याला तिथंच बसावं लागलं.

त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला. इन्साफबाईंचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये. शेख हमजावी सापडलेला नाही. नवा रंग फासून तो दुसऱ्या कुठल्या तरी मैदानात उभा असेल आणि पहिल्या रांगेत कुणाचा तरी भाऊ बसला असेल. तो भाऊ तुमचा असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. मंचावर चढा, गालिचा उचला आणि खांबाला हात लावून बघा. तोवर त्याला औषध मात्र सोडू देऊ नका.