पॉइंटच्या पुढचं सगळं

आई माझ्या हळदीपर्यंत टिकणार नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं. पेठ तालुक्याकडची हळदीची गाणी आमच्यात फक्त तिलाच धड येत होती. मी म्हटलं, टेपवर घेऊ. पण लखनदादाला कॅसेट कशी पसंत पडणार? तो सातपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. कॅसेट झिजते, कॉम्प्युटरमध्ये आवाजाचे आकडे होतात आणि आकडे झिजत नाहीत, असं त्यानं मलाच सुनावलं. मग आईनं क्लासमध्ये माइकसमोर बसून, माझं नाव घालून गाणं म्हटलं. हळद लागल्याशिवाय कुणी ऐकायचं नाही, अपशकुन असतो, असंही बजावलं. त्याच पावसाळ्यात ती गेली.

दोन हजार एक साली माझं लग्न ठरलं. गाण्याची फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडेना. तिच्यातले आकडे पॉइंटचे होते, घरच्याला पूर्ण आकडे हवे होते. दादानं स्वतः प्रोग्रॅम लिहिला. फाइल निम्मी झाली, गाण्याची लांबी मात्र तेवढीच दिसत होती. आमचे दादासाहेब खूश झाले आणि जागा अडते म्हणून क्लासमधली मूळ फाइल पुसून आले. आईचा शब्द पाळायचा म्हणून वाजवून काही पाहिलं नाही.

मला हळद लागली. दादानं बटण दाबलं. स्क्रीनवरची रेघ सरकू लागली, पण स्पीकरमधून काहीच येईना. त्यानं वायरी हलवल्या, आवाज वाढवला, मग खाली बसून फाइल उघडून पाहिली.

"सगळी शून्यं आहेत, आशा."

आवाजाचे आकडे एकाहून लहान असतात म्हणे. झीरो पॉइंट तीन, झीरो पॉइंट सात. पूर्ण आकडे करण्याआधी ते मोठे करून घ्यायचे असतात. ते त्याच्याकडून राहिलं, म्हणून मशीननं पॉइंटच्या पुढचं सगळं कापून टाकलं. माझी आई तेवढ्यातच होती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तो बंद करायला उठला, तेव्हा आईची धाकटी बहीण फुलाबाई मावशी म्हणाली, "राहू दे रं. आक्का दम घेत आसंल."

दादानं हात मागे घेतला. रेघ संपेपर्यंत सगळ्या बायका पदर सावरून ऐकत बसल्या, आणि माझ्या अंगावरची हळद वाळून गेली.