लाटण्यातला मासा आणि तांब्याभर गोडं पाणी

मित्रांनो, मला माशाचा आकार आहे, पण माझं पहिलं आयुष्य गेलं चपात्या लाटण्यात. काळाचौकीच्या चाळीत शकूवहिनींच्या हातून लाटणं पडलं आणि दुभंगलं. त्यांचे सासरे राजाराम यांनी एक तुकडा उचलला, चाकूने तासला, डोळ्यांच्या जागी दोन मणी बसवले आणि पोटाखाली नि शेपटीला गळ अडकवले. झालो मी नकली मासा!

"माझं लाटणं मासे पकडायला चाललं, बघा!" वहिनी हसून म्हणाल्या.

माझा स्वभाव पहिल्यापासून चुळबुळ्या. डब्यात पडून राहणं मला सोसत नाही. दर रविवारी राजाराम आणि त्यांचा मुलगा वीरेंद्र मला शिवडीच्या जेटीवर नेत. भरतीचं पाणी फिरू लागलं की खडकांच्या कडेने मला फेकत, कारण जिताडा, हा मोठा शिकारी मासा, तिथेच दबा धरून असतो. "ओढ, थांब. थांबलंस काय तो येतलो," राजाराम शिकवत. दोरीची गाठ थुंकीने ओली करून मगच आवळायची. गळाचं टोक नखावर ओढून पाहायचं. घसरलं तर ते बोथट झालं. आणि घरी आल्यावर मला तांब्याभर गोड्या पाण्याची आंघोळ. लहानसहान मासे पुष्कळ लागले, जिताडा मात्र कधीच नाही.

पुढे राजारामांचे हात थरथरू लागले. गणपती झाले की गावी कायमचं जायचं, असं त्यांनी ठरवलं. "जाण्याआधी ह्याच्यावर एक जिताडो बघूचो आसा," ते म्हणाले.

"मी देतो ना मिळवून, बाबा," वीरेंद्रने शब्द दिला.

गटारीच्या सकाळी तो एकटाच मला घेऊन गेला. परतला तेव्हा घरात पाहुणे जमलेले, कोलंबीचा वास सुटलेला. वहिनी आतूनच ओरडल्या, "अहो, तो डबा पोटमाळ्यावर टाका! उद्यापासून श्रावण, घरात वशाटाचा वासही नको." त्याने मला तसंच खारट, ओलं डब्यात कोंबलं आणि वर ढकललं.

श्रावण गेला. गणपती आले. खाली आरत्या चालल्या होत्या आणि वर मी अंधारात तळमळत होतो. मीठ माझे गळ कुरतडत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. अरे, कुणीतरी डबा उघडा!

विसर्जनानंतरच्या रविवारी तो उघडला. दुसऱ्या दिवशी राजाराम गावी निघणार होते. वीरेंद्रने गळावरचा गंज पाहिला, नखाने खरवडला. राजाराम खाली टॅक्सीत वाट पाहत होते, पाणी फिरायची वेळ झाली होती. "चालून जाईल," तो पुटपुटला.

जेटीवर वीरेंद्रने मला फेकलं, ओढलं, थांबवलं. आणि तो आला! केवढा हिसका! पाण्यात चंदेरी कूस उलटली. कठड्यावर बसलेले राजाराम धडपडत उठले. "जिताडो! सांभाळ रे!"

तेवढ्यात पोटाखालचा गळ वाकणातच मोडला. तो तुकडा जबड्यात घेऊन जिताडा निघून गेला.

राजारामांनी मला तळहातावर घेतलं. मोडलेल्या गळावरून अंगठा फिरवला.

"बाबा, गटारीला मी ह्याला धुतलंच नाही," वीरेंद्र खाली मान घालून म्हणाला.

प्यायच्या पाण्याची बाटली उघडून राजारामांनी ती सगळी माझ्यावर रिकामी केली. अर्धं पाणी खालीच सांडलं. सोमवारी ते गावी गेले.

आता मला नवे गळ आहेत. तरी पाण्यात शिरलो की मी अस्वस्थ होतो. माझा गंजका तुकडा तोंडात घेऊन तो जिताडा इथेच कुठेतरी फिरत असेल. मित्रांनो, खाऱ्या पाण्यातून आणलेल्या आम्हांला घाईत डब्यात टाकू नका. एक तांब्या पाणी फार नाही हो.

रविवारी संध्याकाळी गावाहून फोन येतो. मासा मिळाला का, असं राजाराम कधीच विचारत नाहीत.

"तेका धुतलंस मां?" एवढंच विचारतात.