दक्षिणेच्या खिडक्या

आर्किटेक्ट उर्मिलाने एका संस्थेसाठी उत्तरेतल्या मुल्लानपूरला मजुरांच्या पोरांचं पाळणाघर बांधलं, तेव्हा दक्षिणेला गव्हाचं शेत होतं. म्हणून तिने सगळ्या मोठ्या खिडक्या तिकडेच ठेवल्या. मातीच्या जाड भिंती दिवसभर तापतील, छपरावरच्या सोलर पॅनलवर दिवे चालतील, हीटर लागणारच नाही. विजेचं कनेक्शन संस्थेने तत्त्व म्हणून घेतलंच नाही, आणि हे तत्त्व प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवलं. मुल्लानपूरमध्ये शेत कायम शेतच राहील, असं फक्त या शहाण्यांनाच वाटलं.

आता तिथे टॉवरचे नऊ मजले चढले होते. जानेवारीत धुकं निवळेपर्यंत अकरा वाजत, आणि ऊन पडलं की टॉवरची सावली थेट खिडक्यांवर येई. पोरं कानटोप्या घालून कुडकुडत बसत. त्यांचे आईबाप तोच टॉवर बांधत होते.

"सर, कनेक्शन घेऊ या," उर्मिला म्हणाली.

विनायक सरांनी संस्था काढलेली. भला माणूस, पण हट्टी. "मग आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला गं?"

एका बाळाला न्यूमोनिया झाला, तेव्हा कुठे त्यांनी अर्जावर सही केली. अर्ज परत आला. मातीच्या भिंती म्हणजे कच्चं बांधकाम, कनेक्शन मिळणार नाही. याच भिंतींसाठी उर्मिलाला बक्षीस मिळालं होतं. तिला सरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

बुधवारी एकही मूल आलं नाही. ती तडक साइटवर गेली. गुडियाची आई रामरती विटा वाहत होती.

"तुम्हारी गुड़िया कहाँ है?"

रामरतीने वर बोट दाखवलं. "ऊपर धूप है, मैडमजी."

उर्मिला धापा टाकत नऊ मजले चढली. कठडा नसलेल्या उघड्या स्लॅबवर पोरं बसली होती, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक खांबाच्या सळईला. ती त्यांना खाली न्यायलाच आली होती. तिने गुडियाची गाठ सोडायला घेतली. उन्हात बसून बाळाचे हात गरम झाले होते. महिनाभरात तिला ते कधी गरम लागले नव्हते.

खाली नेऊन ठेवणार कुठे? उर्मिलाला रडू फुटलं. तिने ती गाठ आणखी घट्ट बांधली, आणि शेजारच्या मुलाची तपासायला घेतली.