थांब्याविषयीची पत्रं

मुलीने कात्रणांच्या झेरॉक्स प्रती पत्ते मांडावेत तशा टेबलावर मांडल्या, पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर सरांचंच डस्टर ठेवलं, आणि ती उभीच राहिली.

"बस ना," सर म्हणाले.

"नको सर. आधी सांगते, मग बसते."

राज्यशास्त्र विभागाच्या त्या अरुंद खोलीत दोन कपाटं, एक टेबल आणि तीन खुर्च्या होत्या. शेवटच्या वर्षाला 'माध्यमं, लोकमत आणि सहभाग' हा पेपर सरच शिकवत. त्यांचा आवाज मुळातच लहान. मागच्या बाकांवरची मुलं खुशाल गप्पा मारत. फक्त गावातल्या थांब्याची गोष्ट निघे त्या एका तासाला ती गप्प बसत. दवाखान्याच्या फाटकासमोरचा बसथांबा नगरपालिकेने एकदा मोठ्या रस्त्यावर हलवला होता. वाचकांनी गावातल्या दैनिकात पत्रांवर पत्रं लिहिली. चौदा महिन्यांत एकसष्ट. शेवटी थांबा परत फाटकासमोर आला. पुस्तकातली उदाहरणं सगळी दूरची, हे मात्र रोजच्या वाटेवरचं. दरवर्षी कोणीतरी प्रकल्पाला हाच विषय घेई, ग्रंथालयात जाऊन एकसष्ट पत्रं मोजी आणि बरे गुण मिळवी.

या मुलीने पत्रं मोजून सोडून दिली नव्हती. ती वाचली होती.

तिने सांगितलं ते असं. थांबा किती लांब गेला, हे बहुतेकांनी मनाला येईल तसं लिहिलं होतं. कुणाला तो अर्धा किलोमीटर वाटला, कुणाला पार गावाबाहेर. नगरपालिकेच्या खुलाशात नव्वद मीटर होते. पण तेवीस पत्रांत एकच आकडा होता : दोनशे चौदा पावलं. खाली सह्या तेवीस जणांच्या. निवृत्त पोस्टमन, गृहिणी, शिंपी, नुसताच 'एक प्रवासी'. आणि सगळ्यांची पावलं दोनशे चौदा.

"मी चालून पाहिलं, सर. माझी एकशे चाळीस भरली. मग शिपाईकाकांना चालायला लावलं. ते म्हणाले, पोरी, पदवी तुला आणि पायपीट मला. त्यांची एकशे सव्वीस."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"म्हणजे हा एकच माणूस आहे. नावं बदलली, धंदे बदलले, पण आकडा बदलायचं काही त्याला सुचलं नाही. तो एक तर खूप म्हातारा असणार, नाहीतर कुणाला तरी धरून चालत असणार."

एवढं सांगून ती बसली. खरी अडचण तिने त्यानंतर सांगितली, खाली बघत, अडखळत. शुक्रवारी प्रकल्प जमा करायचा होता आणि तो बाहेरचे परीक्षक तपासणार होते. हे सगळं लिहिलं तर सरांचं उदाहरणच मोडत होतं. इतकी वर्षं वर्गात सांगितलेलं. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं होतं. गुण पदरात पडत असताना सरांनाच उताणं पाडायला निघालीस का, म्हणाल्या होत्या.

"ते प्रकरण काढून टाकू का, सर? नुसती संख्या ठेवते. खोटं काहीच होणार नाही. पत्रं एकसष्ट आहेतच."

सरांना काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मान हलवली असती तरी भागलं असतं. दोन वर्षांत ते निवृत्त झाले असते, आणि मग ती पत्रं उघडायला कुणाला वेळ होता?

थांबा हलवण्यापूर्वी नगरपालिकेने नागरिकांची सभा घेतली होती. सर मागच्या रांगेत बसले होते. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत वर गेला, आणि तिथून त्यांनी त्या हाताने केस सारखे केले. घरी आल्यावर बायको म्हणाली होती, अहो, बोलायचं जमत नाही ना, मग लिहा की. पावलं मोजायचा नाद तिचाच. आठवड्यातून दोनदा ती त्यांच्या दंडाला धरून मोठ्या रस्त्यावरून फाटकापर्यंत मोजत जाई. श्वास लागला की थांबे, आणि तोवरचा आकडा सरांकडे सांभाळायला देई. पहिलं पत्र त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. पाकिटात घालताना ते नाव त्यांना फारच एकटं वाटलं. त्यांनी दुसरा कागद घेतला.

थांबा परत आला तेव्हा घरातून दवाखान्यात जाणारं कुणी उरलं नव्हतं.

"तेवीस नाहीत," सर म्हणाले.

"तीनदा मोजली, सर."

"आकड्याची तेवीस. पण आठ पत्रांत अंतराचा विषयच नाही. कशात बाकाविषयी आहे, कशात सावलीविषयी." त्यांनी डस्टर बाजूला केलं आणि एकेक कागद उचलून तिच्यासमोर ठेवला. शोधावं लागलं नाही. "ही. ही पण. हा कंडक्टर, हा फळवाला… ही आठ त्यात मिळव."

मुलगी आधी कागदांकडे बघत होती, मग त्यांच्या हाताकडे. मग तिने पेन्सिल घेतली आणि दोन आकड्यांची बेरीज समासात सावकाश, मांडून केली.

"एकसष्टांत एकतीस," ती म्हणाली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे बहुमत झालं, सर."

"झालं खरं. आणि तेही एकमताने."

तिला हसू आलं, ते तिने आवरलं.

"उरलेली तीस कुणाची?"

"ती लोकांची. माझी सहा छापून आली, त्यानंतर त्यांतलं पहिलं आलं. कुण्या बाईचं होतं. मी ते किती वेळा वाचलं असेन." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "प्रकरण काढू नकोस. दिसलं ते लिही. तीस पत्रांचं काय करायचं, ते मात्र तूच ठरव. मला आजवर ठरवता आलेलं नाही."

बाहेर तासाची घंटा झाली. व्हरांड्यातून मुलांचा लोंढा गेला आणि पुन्हा शांत झालं. मुलगी उठली नाही.

"एकतीसला स्रोत काय लिहू, सर?"

सरांनी डस्टर पुन्हा कागदांवर ठेवलं. मग तिनेच पिशवीतून एक छापील कागद काढला. त्या तेवीस पत्रलेखकांसाठी तिने प्रश्नावली केली होती; एकाही पत्त्यावर त्या नावाचा माणूस भेटला नव्हता, म्हणून सगळ्या प्रती कोऱ्याच राहिल्या होत्या. त्यातली एक तिने त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिला रकाना नावाचा होता. सरांनी पूर्ण नाव लिहिलं. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि उरलेल्या जागेत बायकोचंही नाव लिहिलं.