बाईसाहेबांचं ऊन

सापाचा शेपटीकडचा भाग तिच्या दोन्ही हातांत देत डॉक्टर म्हणाल्या, "आवळू नका. पण सोडूही नका. आता हळूहळू वर उचला. डोकं खाली राहिलं पाहिजे."

तिने उचललं. अडीच मीटरचं ते अंग जड होतं आणि ते जडपण एका जागी थांबत नव्हतं. बोटांखालून स्नायू एकामागोमाग एक सरकत होते. मधला भाग आईने पेलला होता, डोकं डॉक्टरांच्या हातात. बोआ जातीच्या त्या मादीच्या उघड्या तोंडातून चिकट, फेसाळ पाणी कापसावर उतरत होतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत काहीतरी बुडबुडत होतं.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. बाबांच्या शेवटच्या पंधरवड्यात तो तिने भिंतीपलीकडून ऐकला होता.

"खोकत का नाही ती?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"खोकताच येत नाही तिला. आपल्या छातीखाली पडदा असतो, त्याच्या जोरावर आपण कफ बाहेर टाकतो. सापाला तो नसतो. आत साचलं की साचलं. म्हणून मान उंच करून बसते. आडवी झाली की गुदमरते."

बाबाही बसूनच झोपायचे. पाठीशी चार उशा घेऊन. तिने आईकडे पाहिलं. आई कापसाकडे पाहत होती.

"न्यूमोनिया आहे," डॉक्टरांनी हातमोजे काढले. "वय काय म्हणालात हिचं?"

"अकरा वर्षं आहे आमच्याकडे," आई म्हणाली. "अकरा वर्षं सवत सांभाळली मी. हे बाईसाहेब म्हणायचे तिला. मला कधी नाही म्हणाले."

डॉक्टर हसल्या, मग थांबल्या. "काकू, एक विचारते. तिच्या काचेच्या पेटीतला हीटर मध्ये बंद होता का? तासा-दोन तासांचं नाही म्हणत मी. चांगला आठवडाभर?"

शेपटी तिच्या मनगटाभोवती वळली आणि तिथेच थांबली. तिला वाटलं, आपली नाडी बोआला कळते आहे.

बाबा गेले त्याच संध्याकाळी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन परत गेलं होतं. पण त्यांच्या खोलीतून टक्, मग थोड्या वेळाने पुन्हा टक्, असं येतच राहिलं. पेटीचा हीटर चालू व्हायचा, बंद व्हायचा. दर खेपेला ती उठून दारापर्यंत जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती आत गेली. बटणाच्या वर बाबांनी चिकटपट्टी लावली होती: 'बाईसाहेबांचं ऊन. बंद करू नये.' ते वाचून तिने बटण बंद केलं. दहाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर पुन्हा चालू केलं आणि दारातूनच, बोआ हलते का ते पाहिलं.

आता बोलायला हवं होतं.

"मी बंद केला होता," आई म्हणाली.

तिने मान वर केली. आईचा चेहरा सरळ होता.

"असू दे, काकू. अशा दिवसांत कुणाचं लक्ष असतं?" डॉक्टरांनी सिरिंज भरली. "वाचेल की नाही, मी आज सांगणार नाही. दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन, अशी सात. घरीच द्यायची. पुढच्या भागातच टोचायचं; मागे दिलं तर औषध अंगात फिरायच्या आधीच मूत्रपिंडातून निघून जातं. काकूंचे हात कापतात, तेव्हा तुम्हीच द्यायची. पहिलं आत्ता, माझ्यासमोर."

"मला नाही जमणार."

"घाबरत घाबरत दिलं तरी चालतं. तिला कळत नाही."

खवल्यांच्या फटीतून सुई आत गेली. बोआ हललीसुद्धा नाही.

गाडीत तिने हीटर पूर्ण सोडला होता. मागच्या सीटवरच्या खोक्यातून श्वास ऐकू येत होता. दोन सिग्नल गेले.

"का खोटं बोललीस, आई? बटण मी बंद केलं होतं."

"माहीत आहे. पुन्हा चालू करताना पाहिलं होतं तुला."

"मग?"

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिचं पाणी बदलायला गेले. काच हाताला गार लागली. वाटलं, कुणाच्या हातून चुकून झालं असेल. बोट ठेवलंसुद्धा बटणावर."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता.

"मग बोट काढून घेतलं," आई म्हणाली. "हे गेले, आणि ही आपली निवांत वेटोळं घालून. रोज जाऊन काचेला हात लावायचे. अजून गार आहे ना, ते बघायला."

तिने गाडी पुढे घेतली.

घरी पोचल्यावर दोघींनी मिळून बोआला पेटीत सोडलं. ती कोपऱ्यात गेली, मान काचेला टेकवून उंच केली आणि तशीच राहिली. लेकीने बटण पाहिलं, थर्मामीटर पाहिला, पुन्हा बटण पाहिलं. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं. ते तिने अंगठ्याने दाबून बसवलं.

"मी चहा ठेवते," ती म्हणाली.

"नको." आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. "इथेच थांब. मला एकटीला हिच्याजवळ ठेवू नकोस."

दारापर्यंत गेलेली ती वळली. बाहेरची खुर्ची तिने आत ओढून आणली आणि आईच्या शेजारी बसली.

पेटीत टक् झालं. दोघी दचकल्या.