ड्वाइट हॅलोरनचे बारा टेक

आयरीन ट्रास्कचे केस मी अकरा वर्षं विंचरले, म्हणून ठासून सांगते: पडद्यावर ती जेवढी विषारी दिसायची, त्याच्या निम्मीही नव्हती. त्या दिवसापर्यंत तरी नाहीच.

हॉलिवूडमधल्या आमच्या स्टुडिओत तेव्हा खूनपटांची लाट होती. आयरीननं तसे नऊ केले. दरवेळी नवऱ्याला फसवायचं आणि शेवटी गोळी खाऊन मरायचं. नायक कायम ड्वाइट हॅलोरन. मेला स्टुडिओच्या मालकसाहेबांच्या मर्जीतला! आयरीनचे जवळून घेतलेले शॉट तो संकलकाला कापायला लावायचा. यंदा तर त्यानं कहरच केला. "ती थोराड दिसायला लागलीय, नवी पोरगी आणा," असं साहेबांच्या कानात भरलं. हा दहावा सिनेमा झाला की करार संपणार होता आणि बाई घरी बसणार होती.

"आता गं?" मी विचारलं.

"आता त्याचं वाटोळं, मॅज," ती म्हणाली. मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय.

या सिनेमात पहिल्यांदाच ती त्याला मारणार होती. मरताना ड्वाइटनं ढसाढसा रडायचं, कॅमेरा अगदी तोंडाशी. त्या रडण्यावर त्याला बक्षीस हवं होतं. या प्रसंगातले आयरीनचे शॉट सकाळीच उरकले होते. एकाचा चेहरा टिपताना समोरच्यानं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून संवाद म्हणायचे, ही आमच्याकडची रीत. ड्वाइटनं तिच्यासाठी ती कधी पाळली नाही, पाच वाजले की हा पसार. आज मात्र लाडात आला.

"आयरीन, राणी, थांबशील ना?"

"तुझ्यासाठी? काय वाट्टेल ते!"

तालमीत ती असं बोलली की दिवेवालेसुद्धा नाक पुसायला लागले. ड्वाइट धो धो रडला. दिग्दर्शक खूश. "चला, घेऊ या!"

"थांबा, माझंच चुकलं," आयरीन म्हणाली. "ड्वाइट, आणखी एकदा? किती सुरेख रडतोस रे!"

झालं! गाढव पुन्हा रडलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रडणं तालमीत उधळायचं नसतं, हे कुठलाही जुना नट सांगेल. ड्वाइटलाही ठाऊक होतं, पण कौतुकापुढे अक्कल गहाण पडली.

कॅमेरा चालू झाला तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत. बारा टेक झाले. संवाद बरोबर, पण तोंड पोट बिघडल्यासारखं. ग्लिसरीन घातलं तर शिंकला. आयरीन बिचारी प्रत्येक वेळी जीव ओतून बोलत होती, बोट ठेवायला जागा नाही.

त्याचा एकही शॉट धड निघाला नाही. साहेबांनी कपाळ बडवलं आणि त्या जागी आयरीनचे शॉट लावायला सांगितले.

पहिल्या खेळाला आम्ही ड्वाइटच्या मागच्याच रांगेत बसलो. मरणाचा प्रसंग आला. ड्वाइटचा नुसता आवाज, आणि पडदाभर आयरीन. माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. दिवे लागले, टाळ्या थांबेनात. साहेब धावत आले. "बाई, नवा करार करू या!"

"थोराड बाईशी?" ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

ड्वाइट खुर्चीतून उठला नव्हता. गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. आयरीन वाकून त्याच्या कानाशी गेली.

"आता जमलं बघ," ती म्हणाली.